कोडे घालणारे आणि उत्तर विकणारे

काही वर्षांपूर्वी दादरमधील एका दिवाळी अंकाच्या बैठकीस आमच्यापैकी दोघे उपस्थित होते. अंकाचा आराखडा ठरत होता: सहा कथा, एक परिसंवाद, एक दीर्घ मुलाखत, कवितांची सोळा पाने. बैठक संपता संपता संपादकांनी एका निवृत्त गणितशिक्षकांकडून आलेली चार हस्तलिखित पाने पुढे केली. त्यांत अकरा कोडी होती. आकड्यांचीच, पण प्रत्येकात कोणी एक माणूस होता, त्याची काही अडचण होती, आणि वाक्ये अशी तोलून लिहिलेली की एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर कोडेच फुटले असते. उत्तरे दिलेली नव्हती. अखेरीस एवढेच लिहिले होते की उत्तरांची घाई करू नये. पाने टेबलाभोवती फिरली, त्यांच्यामागून हसू फिरले, आणि निर्णय झाला की जागा उरल्यास बालविभागात टाकावीत. जागा उरली नाही. आम्ही दोघांनीही त्या वेळी तोंड उघडले नाही. साहित्याच्या बैठकीत गणिताची बाजू घेणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत पथ्याचे जेवण मागण्यासारखे वाटले असावे. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. गंमत म्हणून एकाने दुसऱ्यास घातलेले गणिती कोडे ही प्रथमतः भाषेतील कृती आहे. तिचा जीव उत्तरात नसतो. प्रश्न कानी पडल्यापासून उत्तर सुचेपर्यंत जो अवधी जातो त्यात असतो. हा अवधी मोडीत काढणारे पुष्कळ आहेत. बक्षिसांचे ठेकेदार आहेत, क्लासवाले आहेत, मार्गदर्शक पुस्तिकांचे प्रकाशक आहेत. परंतु आम्हां साहित्याच्या अध्यापकांचा नंबरही या रांगेत लागतो आणि तो फार मागे नाही.

क्रियापदापासून सुरुवात करू. मराठीत कोडे कोणी विचारीत नाही, देत नाही, मांडीत नाही; कोडे घालतात. याच क्रियापदाने आपण पाहुण्यास जेवू घालतो, दूरच्या माणसास साद घालतो, वधूवर एकमेकांस माळ घालतात. (वाद आणि गोंधळही घालतात, हे मान्य.) घालणाऱ्याच्या हातून काहीतरी समोरच्याकडे जाते आणि समोरचा ते स्वीकारतो, असा या क्रियापदाचा एक जुना भाव आहे. कोडे ज्याला घातले जाते त्याला ते पडते. मग ते सुटते, जशी गाठ सुटते किंवा दावणीचे वासरू सुटते. या सगळ्या व्यवहारात उत्तर 'देणे' हा शब्द सर्वांत शेवटी येतो, आणि तोही हरलेल्याने विचारल्यावर.

आता एक कोडे पाहा. आमच्यापैकी अनेकांनी ते आजोबांच्या पिढीकडून ऐकले आहे. एका व्यापाऱ्याकडे मणभर वजनाचा एक दगड होता. हमालाच्या हातून तो पडला आणि त्याचे चार तुकडे झाले. व्यापारी आधी चिडला आणि मग हसला, कारण त्या चार तुकड्यांनी एका शेरापासून चाळीस शेरांपर्यंतचे कोणतेही पूर्ण शेरांचे वजन त्याला तागडीवर तोलता येऊ लागले. तर चार तुकडे किती किती शेरांचे?

हे कोडे मूळचे मराठी नव्हे. युरोपात ते शतकानुशतके फिरते आहे. फ्रान्समधील बाशे याच्या १६१२च्या संग्रहात ते चाळीस पौंडांच्या रूपाने आढळते. पण मराठीत आल्यावर त्यात एक सुंदर योगायोग घडला. चार तुकड्यांची बेरीज गणिताच्या गरजेने चाळीस येते, आणि आपल्याकडे मण चाळीस शेरांचाच होता. त्यामुळे 'मणाचा दगड' म्हटले की चाळीस हा आकडा उच्चारावाच लागत नाही. तो बाजारातून, धान्याच्या दुकानातून, घरच्या कणगीतून आपोआप येतो. बाहेरून आलेले कोडे इथल्या मापात इतके नेमके बसते की ते इथेच जन्मले असे वाटावे. भाषांतराच्या अभ्यासकांना यापेक्षा चांगले उदाहरण सहसा मिळणार नाही. ते कोणी शिकवीत नाही. आज स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत हेच कोडे 'चाळीस किलोचा दगड' असे येते. चाळीसच का, याला आता काही कारण उरलेले नाही. खाली चार पर्याय असतात आणि पान उलटले की उत्तरसूची असते.

गुपित एवढेच की वजन मालाच्या पारड्यातही ठेवता येते. हे ज्याला सुचले त्याला कोडे सुटले. बाकीचा हिशेब हमाली आहे. आणि हे मराठी माणसाला सुचायला काही हरकत नसावी, कारण त्याची संख्यानामे त्याला हेच शिकवीत आली आहेत. 'एकोणतीस' म्हणजे एकाने उणे तीस. तिसाच्या पारड्यासमोर एकाचे वजन ठेवून आपण ही संख्या उच्चारतो. नव्याण्णवापाशी मात्र भाषा हा खेळ सोडून देते आणि एकोणनव्वदापाशी तिचे मन द्विधा होते, कारण 'नव्व्याऐंशी' म्हणणारेही आहेत. जुन्या अंकलिपीत पाढ्यांपुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनाचा पाढा तालावर म्हणणारी पोरे या शहरात होती, आणि त्यांच्या दृष्टीने तो गणित होता की गाणे, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पुढच्या काही वर्षांत वजनमापेही दशमान झाली, आणि औटकीचे काम संपले. त्याबद्दल आम्ही गळा काढणार नाही. आण्यापैचे हिशेब करताना कोणाकोणाच्या पाठीवर छड्या बसल्या हेही ठाऊक आहे.

पण २०१९च्या जून महिन्यात जे झाले त्याबद्दल बोलले पाहिजे. दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीने 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनपद्धती आली आणि महाराष्ट्रात वादळ उठले. विधानसभेत आडनावांवर कोट्या झाल्या. एका बाजूस भाषेचा वारसा बुडाला असा आक्रोश होता. दुसऱ्या बाजूस मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की लिहिताना आधी दशक आणि बोलताना आधी एकक या उलटापालटीत, शिवाय जोडाक्षरांत, लहान मुले अडखळतात. त्यांचे निरीक्षण खरे होते. वारशाचा आक्रोश करणाऱ्यांपैकी किती जणांनी सात वर्षांच्या मुलास 'त्रेपन्न' लिहायला शिकवले होते, कोण जाणे. आमची तक्रार निराळी आहे. त्या महिनाभराच्या गदारोळात मराठीच्या प्राध्यापकांपैकी फारच थोड्यांनी असे म्हटले की संख्यानाम हे एक छोटेसे कोडे असते, ते मुलासमोर अडथळा म्हणूनही ठेवता येते आणि गंमत म्हणूनही. 'एकोण' म्हणजे काय, हे तुमच्या मुलाला तुम्ही कधी ओळखायला लावले आहे काय? हे नारळीकरबाईंना पक्के माहीत होते. त्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'गणितगप्पा' असे आहे. गप्पा! २०२३ साली त्या गेल्या तेव्हा गणित सोपे करून सांगणाऱ्या लेखिका म्हणून त्यांचा सार्थ गौरव झाला. मराठी गद्याच्या कोणत्या परंपरेत त्या बसतात, याचा विचार मात्र साहित्याच्या वर्तुळात झालेला आमच्या पाहण्यात नाही.

परंपरा आहे आणि ती थोडीथोडकी जुनी नाही. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० सालची. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने, चंगदेवाने, मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, आणि तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. 'लीलावती'तील भुंग्यांचे उदाहरण आमच्या एम.ए.च्या वर्गात एकदा आम्ही, अभ्यासक्रमाबाहेर, घातले होते. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीवर गेले. संपूर्ण थव्याचे आठ नवमांशही तिकडेच गेले. उरला एक भुंगा, सुगंधाच्या लोभाने रात्री कमळात अडकलेला, आणि त्याच्या गुंजारवाला बाहेरून प्रतिसाद देणारी एक भृंगी. तर प्रिये, थव्यात भुंगे किती? श्लोकाचे वृत्त मालिनी आहे आणि त्यातच मालती आहे, अलिनी आहे. प्रश्न वर्गसमीकरणाचा आहे. सगळा थवा मोजून झाल्यावर शेष राहतात दोन, आणि ते दोन म्हणजे पाकळ्यांच्या आतबाहेर असलेले एक जोडपे. बाकी या शब्दाचा असा उपयोग आम्हांला तरी दुसऱ्या कोणत्या कवीकडे दिसलेला नाही. एकूण भुंगे किती ते आम्ही येथे सांगणार नाही.

वर्गात काय झाले? पहिल्या पाच मिनिटांत तीन मोबाइल बाहेर निघाले, एका विद्यार्थिनीने वहीचे मागचे पान उघडले, आणि एका हुशार मुलाने विचारले की हे प्रश्नपत्रिकेत येणार आहे का. दोष त्याचा नाही. पंधरा वर्षे आम्हीच त्याला असे शिकवले आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला, ही आख्यायिका मात्र वर्गातील सर्वांना ठाऊक होती. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. १५८७ साली फैजीने केलेल्या फारसी भाषांतरापासून ती प्रसृत झाली. मुलीच्या दुर्दैवाची कथा आपण चारशे वर्षे चघळतो, आणि तिला घातलेली कोडी बाजूस ठेवतो.

येथे आमच्या व्यवसायबंधूंशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. आपण कोड्याला 'लोकसाहित्य' या प्रकरणात एक परिच्छेद देतो. व्याख्या, वैशिष्ट्ये, आणि उदाहरणादाखल चार उखाणे, प्रत्येकापुढे कंसात उत्तर. उत्तर कंसात छापलेले कोडे हे सालपट काढून, बिया काढून, चमच्याने भरवलेल्या सीताफळासारखे असते. त्याला सीताफळ खाणे म्हणत नाहीत. हे झाले कोड्याचे. कवितेचे काय केले? कवितेखाली प्रश्न घातला की कवीला येथे काय सांगावयाचे आहे, आणि मार्गदर्शकात त्याचे तीन ओळींचे उत्तर छापले. म्हणजे जी वस्तू एका उत्तराने संपत नाही तिला आपण एका उत्तराची केली, आणि जी वस्तू खरोखरच एका उत्तराकडे नेते पण वाटेत भरपूर रेंगाळू देते, तिला वर्गाबाहेर काढले. एकनाथांची कूट भारुडे याच कचाट्यात सापडली आहेत. त्यांतल्या प्रत्येक प्रतिमेपुढे बरोबरचे चिन्ह काढून देह, मन, माया असे लिहिले की आमचा तास संपतो. ऐकणारा क्षणभर गोंधळावा, हसावा, घरी जाताना त्याच्या मनात काही घोळत राहावे, हे नाथांना हवे होते असे मानायला पुष्कळ जागा आहे. आमच्या नोट्समध्ये घोळण्याची सोय नाही.

उत्तराची विक्री ही काही नवी गोष्ट नाही आणि ती केवळ क्लासवाल्यांनी सुरू केलेली नाही. या शहराने शब्दकोड्यांच्या बक्षिसस्पर्धांचे वेड पाहिले आहे. प्रवेशशुल्क भरा, चौकोन भरा, हजारो रुपये मिळवा. त्यातली मेख अशी होती की सूचनेला दोन शब्द सारखेच लागू पडत आणि बरोबर कोणता हे स्पर्धा चालवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असे. म्हणजे शब्दज्ञानाचा संबंध फार तर निम्म्या वाटेपर्यंत, पुढे दैव. मुंबई राज्याने १९४८च्या कायद्याने या स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणला, केंद्राने १९५५ साली कायदा करून महिन्याच्या बक्षिसांची एकूण रक्कम हजार रुपयांवर आणि प्रवेशिकांची संख्या दोन हजारांवर जाऊ नये असे ठरवले, आणि बेंगळुरूहून साप्ताहिक काढून त्यात अशी कोडी चालवणारे चमारबागवाला हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी न्यायालयाने निकाल दिला: जुगार हा व्यापार नव्हे, आणि त्याला व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही. नवे पैसे येऊन नऊ दिवस झाले होते. कौशल्य कोठे संपते आणि नशीब कोठे सुरू होते, याची त्या निकालांतील चर्चा आजही साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द का चालत नाही, हा शेवटी आपलाच प्रश्न.

त्यापुढचा अध्याय गिरणगावाचा. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर पैसे लावण्यापासून सुरू झालेला खेळ १९६०च्या दशकात पत्त्यांवर आला आणि लालबाग-परळच्या गल्ल्यांत मटका म्हणून स्थिरावला. येथे भाषा पाहा. कोडे घालतात, आकडा लावतात. तीन पाने काढायची, त्यांची बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा. शून्य ते नऊ या अंकांतून तीन अंकांच्या पत्त्या, क्रम न मानता, एकंदर दोनशे वीस होतात. आणि प्रत्येक शेवटच्या अंकाच्या वाट्याला त्यांतल्या बरोबर बावीस येतात, ना एक कमी ना एक जास्त. का, हे पाहायचे असेल तर प्रत्येक पानात एक मिळवून बघा. फार वेळ लागणार नाही. पाळी संपवून आलेला कामगार या दोनशे वीस पत्त्या तोंडपाठ म्हणू शके. त्याच्या अंकज्ञानाला आमच्या मध्यमवर्गीय दादरने कधी अंकज्ञान म्हटले नाही. त्या बावीस-बावीसच्या वाटणीचे कोडे ज्याने सोडवले, त्याला हेही दिसले असते की कोणताच आकडा 'चालत' नसतो, आणि एकाला नऊ देणारा मालक दहातला एक रुपया निवांतपणे स्वतःकडे ठेवीत असतो. त्याला कोणीतरी संध्याकाळी, चहाच्या टपरीवर, काहीही न लावता, हे कोडे घालायला हवे होते. घालणारे आम्ही होतो. आम्ही त्याला व्यसनाधीन म्हणून व्याख्यान दिले.

फुकट घातलेल्या कोड्याची किंमत काय असते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूस जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत मास्तरकी. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. पुस्तिका पुष्कळदा स्वखर्चाने छापलेल्या. एका संख्याप्रकाराला त्यांनी 'डेम्लो' असे नाव दिले, कारण ती कल्पना त्यांना मुंबईजवळच्या डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीस, सुचली. डोंबिवलीच्या फलाटावर रोज किती लाख माणसे दादरच्या गाडीची वाट पाहत उभी असतात! वाट पाहण्याचा याहून चांगला उपयोग कोणी केल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

त्यांचा ६१७४ प्रसिद्ध आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि हेच करीत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच थांबते. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन आम्ही करून पाहिले: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. बरोबर सात. मास्तरांनी पूर्ण मुक्काम घेतला.

व्यावसायिक गणितज्ञांपैकी पुष्कळांना हे क्षुल्लक वाटले. उपयोग काय, सिद्धांत कोणता, असे विचारले गेले. कापरेकरांचे स्वतःचे उत्तर असे असे की दारुड्याला जसे त्या धुंदीतच राहावेसे वाटते तसे आपले संख्यांच्या बाबतीत आहे. १९७५च्या मार्चमध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि मग आपल्याकडे त्यांचे नाव झाले. हे आमच्या नेहमीच्या रीतीस धरूनच झाले. पण लक्षात घेण्यासारखे निराळेच आहे. गार्डनर गणितज्ञ नव्हते. ते तत्त्वज्ञानाचे पदवीधर होते, आणि लुईस कॅरलच्या 'ॲलिस'वरील टीपांची त्यांची आवृत्ती १९६० साली निघाली. म्हणजे देवळालीच्या मास्तरांना ओळखले ते एका साहित्याच्या टीकाकाराने. त्याला कोडे आणि कथा यांच्यात भिंत दिसत नव्हती. आमच्या दादरच्या टेबलाभोवती असा एक जरी बसला असता तरी ती चार पाने वाचली असती.

आता आक्षेप. कोडे घालणारा नेहमीच निष्पाप असतो असे नाही, हे आम्हांला मान्य आहे. पुष्कळ वर्गांत कोडे हे हत्यार होते. फळ्याजवळ उभे करून, चाळीस पोरांसमोर, उत्तर न आलेल्याला 'ढ' ठरवण्यासाठी ते वापरले गेले. आणि तसे उभे केले गेलेले बहुधा कोण असत, हे परळच्या किंवा नायगावच्या कोणत्याही म्युनिसिपल शाळेत शिकलेल्यास सांगावे लागत नाही. हुशारी ही जातीची आणि घराची मिरास आहे असे दाखवण्यास कोड्यासारखे सोयीचे साधन नाही. गणितावर जन्मभराचा राग धरून साहित्याकडे वळलेले आमचे कित्येक स्नेही तेथूनच आले आहेत, आणि त्यांचा राग न्याय्य आहे. पण तो राग कोड्यावर काढण्यात चूक होते. त्या वर्गात जे घडले त्यात अवधी नव्हताच. अर्ध्या मिनिटात उत्तर हवे होते, आणि तेही सर्वांसमोर.

वेताळाची गोष्ट सर्वांना माहीत आहे. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकले होतील, ही त्याची अट. ही त्या मास्तरांचीच अट. परंतु शेवटच्या कथेत काय होते? बाप आणि मुलगा अनवधानाने मुलीशी आणि आईशी, असे उलटे विवाह करतात, आणि वेताळ विचारतो की त्यांच्या अपत्यांचे एकमेकांशी नाते काय. हा शुद्ध तार्किक गुंता आहे. विक्रमाला उत्तर येत नाही, तो मुकाट चालत राहतो, आणि नेमके त्या मौनाने वेताळ प्रसन्न होतो. चोवीस बरोबर उत्तरांनी राजा एक पाऊल पुढे सरकला नव्हता. आणि महाभारताच्या लेखनाची कथा घ्या. चिकित्सक आवृत्तीने ती परिशिष्टात टाकली असली तरी गिरगावात आणि लालबागेत दरवर्षी दहा दिवस जो बसतो तो देव तीच कथा घेऊन बसतो. गणपतीची अट की लेखणी थांबता कामा नये. व्यासांची अट की अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही. मग व्यास मधून मधून कूट श्लोक घालीत. गणपती विचारात पडे, आणि तेवढ्यात व्यासांना पुढचे सुचे. बुद्धीची देवता थबकल्याने तिचा अपमान झाला असे कोणी म्हटलेले नाही.

आमच्यापैकी एकाचे बालपण गिरगावातील एका चाळीत गेले. जिन्याखाली उत्सव मंडळाचा काळा फळा होता. त्यावर वर्गणीचा हिशेब, पाण्याच्या वेळा, कोणाच्या तरी निधनाची वार्ता, आणि गणपतीच्या दिवसांत उजव्या कोपऱ्यात एक कोडे. लिहिणारे गृहस्थ तिसऱ्या मजल्यावरचे, एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. नियम एकच होता. उत्तर आले तर फळ्यावर लिहायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही. त्यांना गाठून कानात सांगायचे. बरोबर असेल तर ते मान हलवीत. बक्षीस नव्हते, यादी नव्हती. कोणाला आले हे फक्त त्या दोघांना माहीत असे, आणि ज्याला आले नाही त्याची रात्र कोणी हिरावून घेत नसे. आठव्या दिवशी ते फळा पुसून टाकीत, पुष्कळदा उत्तर न लिहिताच. चौथीतला मुलगा आणि कापडबाजारातला मुनीम एकाच कोड्यावर आठवडाभर अडून बसलेले त्या जिन्यावर पाहिलेले आहेत.

ती चाळ आता नाही. तिच्या जागी बुरूज उभा आहे. कोडी अजून फिरतात, मोबाइलवर. 'शंभरात एकालाच येईल' अशा आव्हानासह सफरचंद, केळी आणि नारळ यांची समीकरणे येतात आणि दोन मिनिटांत खाली उत्तरे पडतात. २०१९ साली आठ भागिले दोन, पुढे कंसात दोन अधिक दोन, या राशीने जगभर भांडणे लावली: एक की सोळा? मराठी माध्यमातल्या पिढ्यांनी 'कंचेभागुबेव' घोकले आहे: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. कंसाला चिकटलेला दोन हा 'चे' मानला तर उत्तर एक, गुणाकार मानला तर सोळा. म्हणजे सगळे भांडण लिहिण्याच्या संदिग्धतेचे होते. त्यात सोडवण्यासारखे काही नव्हते. षष्ठीचा प्रत्यय ही एक गणिती क्रिया होऊन बसली आहे, ही त्यातली खरी गंमत, आणि ती सांगायला मराठीचाच अध्यापक हवा होता. आम्ही 'सोळा' म्हणणाऱ्यांच्या बाजूने तावातावाने भांडत होतो.

त्या निवृत्त शिक्षकांची चार पाने आमच्याकडे आहेत. बैठकीनंतर ती परत पाठवायची राहिली. पुढे पाठवायची म्हटली तेव्हा पत्त्यावर कोणी नव्हते. पहिल्याच पानावर मणाच्या दगडाचे कोडे आहे, पण थोडे पुढे नेलेले. ते त्यांच्याच क्रमाने येथे घालतो. दगड मणाहून मोठा होता आणि त्याचे चार नव्हे, पाच तुकडे झाले. एका शेरापासून सुरुवात करून मधले एकही वजन न चुकवता जितके दूर जाता येईल तितके जायचे आहे. दारात औट मणाचे पोते आले आहे. ते या पाच तुकड्यांनी तोलता येईल काय?